सरखेल कान्होजी आंग्रे

कोल्हापूरहून निघून गगनबावड्याचा घाट उतरलात आणि पश्चिमेकडे जात राहिलात, तर काही तासांत तुम्ही विजयदुर्गला पोहोचता. या किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी आहे. इ. स. १७१७ ते १७२४ या काळात त्याच्यावर तीन मोठ्या स्वाऱ्या झाल्या. दोन इंग्रजांच्या आणि एक डचांची. तिन्ही वेळा शत्रूला रिकाम्या हाताने परत जावे लागले. त्या वेळी हा किल्ला कान्होजी आंग्रे यांच्या ताब्यात होता.

कान्होजींचा जन्म इ. स. १६६९ च्या सुमारास झाला. त्यांचे मूळ आडनाव संकपाळ. पुण्याजवळच्या आंगरवाडी गावावरून घराण्याला आंग्रे हे नाव पडले. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. शिवाजी महाराजांनी मोठ्या कष्टाने आरमार उभे केले होते. दौलतखान हे त्या आरमाराचे एक नामांकित सरदार. १६७९ साली खांदेरी बेटासाठी इंग्रजांशी लढाई झाली, तेव्हा मराठ्यांच्या होड्या त्यांच्याच हुकमतीखाली होत्या. कान्होजी तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे असतील.

पुढे दिवस फार वाईट आले. १६८९ साली संभाजी महाराज मारले गेले. राजधानी रायगड मोगलांनी जिंकली. राजाराम महाराजांना दूर दक्षिणेत जिंजीला जावे लागले. कोकणात जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांच्या बाजूने लढत होता. त्याचे आरमार बळकट होते आणि किनाऱ्यावरचे किल्ले एकामागून एक पडत होते. याच धामधुमीत सुवर्णदुर्गचा किल्लेदार शत्रूला मिळाला. तरुण कान्होजींनी त्याला कैद केले आणि किल्ला स्वतः लढवला. एकदा ते बाहेर पडून लढताना पकडले गेले, पण शत्रूच्या हातून निसटले आणि पोहत किल्ल्यात परत आले, अशी हकीकत सांगितली जाते.

१६९८ मध्ये आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर वारले आणि आरमाराचा सगळा कारभार कान्होजींकडे आला. त्यांना सरखेल हा किताब मिळाला. हा शब्द फारसी आहे. 'सर' म्हणजे प्रमुख आणि 'खैल' म्हणजे टोळी किंवा फौज, हे तुम्हांला सांगायला नकोच. समुद्रावरचे असे अनेक शब्द तुमच्या ओळखीचे निघतील. जंजिरा हा शब्द 'जझीरा'वरून आला. गुराब हे कान्होजींच्या मोठ्या लढाऊ जहाजाचे नाव, आणि अरबी भाषेत गुराब म्हणजे कावळा!

आता या जहाजांविषयी थोडे समजून घ्या, कारण कान्होजींच्या यशाचे कारण त्यांतच आहे. इंग्रजांची जहाजे उंच, जड आणि तोफांनी भरलेली असत. उघड्या समुद्रात त्यांच्यासमोर टिकणे अशक्यच होते. कान्होजींची गुराबे त्या मानाने लहान होती. त्यांच्या सोबतीला गलबते असत. गलबताला शीड असे आणि चाळीस-पन्नास वल्हीही असत. वारा पडला की मोठे जहाज जागच्या जागी अडकून बसे. मग गलबते वल्ही मारत, गुराबांना दोराने ओढत, त्याच्या मागच्या बाजूला नेत. मागच्या बाजूला तोफा कमी असतात. तेथून मारा करून त्याच्या डोलकाठ्या पाडायच्या आणि मग माणसांनी वर चढायचे. वारा उलटला, तर उथळ खाडीत शिरायचे. तेथे मोठे जहाज येऊच शकत नसे. अशा लढाईला धैर्य तर लागतेच, पण त्याहून जास्त लागतो धीर. योग्य वाऱ्याची वाट पाहता आली पाहिजे.

इंग्रज कान्होजींना चाचा, म्हणजे समुद्रावरचा लुटारू म्हणत. कान्होजींचे म्हणणे वेगळे होते. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने आपला दस्तक, म्हणजे परवाना घेतला पाहिजे, असा त्यांचा नियम होता. पोर्तुगीज तर दोनशे वर्षे हिंदी जहाजांकडून असाच परवाना मागत आले होते. त्यांचा परवाना कायदेशीर आणि कान्होजींचा तेवढा दरोडा, हे कसे? अर्थात ज्या व्यापाऱ्याचा माल गेला, त्याला हा वाद ऐकून काही समाधान मिळाले नसेल. १७१२ साली तर कान्होजींच्या आरमाराने खुद्द मुंबईच्या गव्हर्नराची सशस्त्र नौका पकडली. नौकेवर कारवारच्या इंग्रज वखारीचा प्रमुख होता. तो लढाईत मारला गेला. त्याची पत्नी कैद झाली. तीस हजार रुपये घेऊन पुढच्या वर्षी तिची सुटका करण्यात आली.

आपल्या कोल्हापूरशीही कान्होजींचा संबंध आहे. छत्रपतींच्या गादीसाठी महाराणी ताराबाई आणि शाहू महाराज यांच्यात झगडा चालू होता, तेव्हा कान्होजी ताराबाईंच्या पक्षात होते. शाहू महाराजांनी आपले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवले, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले! शेवटी नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी १७१४ मध्ये बोलणी केली आणि कान्होजी शाहू महाराजांकडे गेले. कोल्हापूरकरांना हे आवडण्यासारखे नाही. पण तसे झाले नसते, तर १७२१ साली काय झाले असते, हे सांगता येत नाही.

मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने कान्होजींचा नाश करण्याचा निश्चयच केला होता. १७१७ मध्ये विजयदुर्गवर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर त्याच्या स्वाऱ्या फसल्या. १७२० मध्ये जाड लाकडी भिंतींची, तोफांनी भरलेली एक तरंगती नौका खास तयार करून विजयदुर्गसमोर आणली. तिचाही उपयोग झाला नाही. मग इंग्लंडहून थॉमस मॅथ्यूज हा सेनानी राजाची लढाऊ जहाजे घेऊन आला. पोर्तुगीजही इंग्रजांना मिळाले. १७२१ च्या डिसेंबरात सुमारे सहा हजारांची फौज अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आली.

कान्होजी आता पन्नाशी ओलांडलेले होते. दोन युरोपीय सत्तांशी एकाच वेळी, समुद्रावरून आणि जमिनीवरून, एकट्याने लढणे कठीण होते. त्यांनी शाहू महाराजांकडे मदत मागितली आणि बाजीराव पेशवे घोडदळ घेऊन आले. किल्ल्यावरचा हल्ला फसला. घोडेस्वार दिसताच पोर्तुगीज सैन्यात पळापळ झाली. मॅथ्यूजच्या मांडीत एका स्वाराने भाला मारला. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी तह केला आणि इंग्रजांना मुंबईला परतावे लागले. दोन वर्षांनी डचांनी विजयदुर्गवर जहाजे आणली, त्यांचीही तीच गत झाली.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. त्यांच्या हयातीत हे आरमार कोणालाही बुडवता आले नाही. ते बुडाले १७५६ मध्ये, आणि तेही पेशवे व इंग्रज यांनी मिळून कान्होजींचा मुलगा तुळाजी याच्यावर स्वारी केली तेव्हा. ज्या पेशव्यांच्या फौजेने कुलाबा वाचवला, त्यांनीच पुढे हे केले. मला ही गोष्ट वाचताना नेहमी वाईट वाटते.

मुंबईच्या जुन्या इंग्रजी किल्ल्यात आज भारतीय नौदलाचा तळ आहे. त्याचे नाव आयएनएस आंग्रे. कान्होजींची समाधी अलिबागला आहे. समोरच समुद्रात कुलाबा किल्ला दिसतो. ओहोटीच्या वेळी तेथे चालत जाता येते. मात्र निघण्यापूर्वी भरतीची वेळ तेथल्या कोळ्यांना नक्की विचारून घ्या.