कर्णधारपदाने हुलकावणी दिलेला बाळू

पुण्यातील पारशी क्रिकेट क्लबच्या मैदानावर खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रूळ फिरविणे, हे चर्मकार समाजातील एका लष्करी शिपायाच्या मुलाचे काम होते. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये आला, तेव्हा पगारात एका रुपयाची भर पडली आणि जाळ्यात साहेबांना गोलंदाजी टाकण्याची संधी मिळाली. हाच मुलगा पुढे भारताचा पहिला मोठा फिरकी गोलंदाज ठरला. बाळू पालवणकर हे त्याचे नाव. जन्म १८७६, धारवाडचा.

पूना क्लबमधील नामवंत फलंदाज जे. जी. ग्रेग रोज तासन् तास बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे बक्षीस ते देत, अशी आख्यायिका आहे. या सरावातून बाळूंचा डावखुरा हात विलक्षण तयार झाला. बॅट मात्र त्यांच्या हाती क्वचितच आली. फलंदाजी साहेबांची आणि घाम गाळणे नोकराचे, अशीच ती वाटणी होती.

त्यांची कीर्ती पुण्यातील हिंदू संघाच्या कानी गेली आणि पेच उभा राहिला. युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवेत. पण अस्पृश्याला संघात घ्यायचे कसे? अखेर जिंकण्याची इच्छा वरचढ ठरली. तोडगाही मोठा सोयीचा निघाला. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांनी हाताळायचा. चहाच्या वेळी मात्र त्यांनी मंडपाबाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून चहा घ्यायचा. जेवणाचे ताट वेगळे, पंगतही वेगळी. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याला बाळूंनी सात बळी घेऊन नमविले, तेव्हा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी या विसंगतीवर बोट ठेवले. ज्याच्याबरोबर खेळता येते, त्याच्याबरोबर जेवायला हरकत कसली, असा त्यांचा सवाल होता.

पुढे बाळू मुंबईला गेले आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले. बाळूंनी त्या सामन्यात आठ गडी बाद केले. धाकटे बंधू शिवराम याच संघात होते. या विजयात सुधारकांना खेळाहून अधिक काही दिसले. जातीची भिंत बाजूला सारली की राज्यकर्त्यांनाही हरविता येते, हे मैदानावर सिद्ध झाले होते.

पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील संघ १९११ मध्ये इंग्लंडला गेला. संघ म्हणून त्याची कामगिरी निराशाजनक झाली. पस्तिशीतल्या बाळूंनी मात्र एकूण ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे इतिहासकार रामचंद्र गुहा नोंदवितात.

एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. एम. डी. पै यांची निवड झाली, तेव्हा हा मान ज्येष्ठ बाळूंचा होता, हे खुद्द पै यांनी जाहीरपणे मान्य केले. यातच सारे आले. १९२० मध्ये पै आजारी पडले तरी नेतृत्व दि. ब. देवधरांकडे गेले आणि बाळूंना वगळण्यात आले. तेव्हा शिवराम व विठ्ठल या भावांनी संघातून माघार घेतली. जातीमुळे होणारा अन्याय आता ते मुकाट्याने सोसणार नव्हते. अखेर अंतिम सामन्यासाठी भावांना परत बोलावण्यात आले, बाळू उपकर्णधार झाले आणि पै मैदानाबाहेर गेले असताना त्यांनी संघाचे नेतृत्व केले. पुरे कर्णधारपद घरात आले ते १९२३ मध्ये, विठ्ठल यांच्याकडे. आणि त्याच वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. वेस्ट इंडिजमध्येही संपूर्ण मालिकेसाठी कृष्णवर्णीय कर्णधार नेमला जायला, म्हणजे फ्रँक वॉरेल यांची निवड व्हायला, १९६० साल उजाडावे लागले.

भारताने पहिली कसोटी खेळली १९३२ च्या जूनमध्ये. बाळूंचे खेळण्याचे वय तोवर सरले होते आणि ते राजकारणात उतरले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये येरवड्याला झालेल्या पुणे करारावर त्यांची सही आहे. अस्पृश्यता संपली पाहिजे याविषयी त्यांचे आणि आंबेडकरांचे दुमत नव्हते. मार्ग मात्र वेगळे झाले. हिंदू समाजात राहूनच तो बदलता येईल, अशी बाळूंची श्रद्धा होती. मंडपाबाहेर चहा प्यायलेल्या माणसाने ही श्रद्धा जपावी, याचे अनेकांना नवल वाटले. पण आपल्या डोळ्यांदेखत ताट वेगळे राहिले नव्हते आणि भाऊ कर्णधार झाला होता, हाही त्यांचाच अनुभव होता.

१९३३ मध्ये हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेची निवडणूक लढवून ते पराभूत झाले. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. ती बाळूंना पटली नाही. १९३७ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांसमोर उभे केले. एकेकाळी ज्याने आपले कौतुक केले, त्याच्याच विरोधात मते मागण्याची वेळ आली. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.