कार्ल झीग्लर : फसलेल्या प्रयोगाचे मोल

मी कलाशाखेचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. तरीही जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल झीग्लर यांचे चरित्र मला फार मोलाचे वाटते.

१८९८ साली कासेलजवळच्या हेल्सा गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. मारबुर्गला १९२० मध्ये डॉक्टरेट मिळवून त्यांनी हायडेलबर्ग व हाले येथे अध्यापन केले. १९४३ मध्ये म्यूलहाइमच्या कोळसा-संशोधन संस्थेचे संचालकपद त्यांनी स्वीकारले, पण संशोधनाचा विषय आपणच ठरवू या अटीवर!

इथिलीन वायूचे रेणू साखळीसारखे गुंफले की पॉलिथिन होते. मात्र ही गुंफण सुरू कशाने होते, यावर साखळीचे रूप ठरते. इंग्लंडमध्ये १९३३ साली पॉलिथिन प्रथम मिळाले ते हजाराहून अधिक वातावरणांच्या दाबाखाली. तेथे आरंभ ऑक्सिजनच्या अंशाने झाला. या साखळ्यांना फांद्या फुटतात, म्हणून ते प्लॅस्टिक मऊ असते.

झीग्लर अॅल्युमिनियमची सेंद्रिय संयुगे वापरून साखळी वाढवू पाहत होते. त्यांचे विद्यार्थी होल्त्सकांप यांच्या एका प्रयोगात ती दोन रेणूंवरच अडली. भांड्यात राहिलेला निकेलचा सूक्ष्म अंश याला कारण होता. दुसरा कोणी भांडे घासून मोकळा झाला असता. झीग्लर यांनी मात्र विचार केला की, एक धातू साखळी खुंटवतो तर दुसरा ती वाढवणार नाही कशावरून? एकेक धातू तपासला गेला. झिर्कोनियमने आशा दाखवली आणि १९५३ मध्ये टायटॅनियमने साध्या वातावरणीय दाबाखाली सरळ, कणखर साखळ्या दिल्या.

येथे द्रावकाचेही पथ्य कडक आहे. पाणी, अल्कोहोल किंवा हवा लागली की हा उत्प्रेरक निकामी होतो. म्हणून अगदी कोरडा हायड्रोकार्बन द्रावक लागतो. क्रिया थांबवायची झाली की मात्र तेच अल्कोहोल कामी येते!

इटलीचे नात्ता यांच्यासह १९६३ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. १९७३ मध्ये ते निवर्तले. झीग्लर दांपत्याने जमवलेली चित्रे आज म्यूलहाइमच्या कलासंग्रहालयात आहेत.

आपल्या घरातील कणखर बादलीमागे नुसता कारखाना नाही, विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही आहे. कोळशाच्या संस्थेत त्यांना केवळ कोळसाच उगाळायला लावला असता, तर निकेलच्या त्या कणाची विचारपूस कोणी केली असती?