आपल्या शिंकांना नाव देणारा डॉक्टर

पावसाळा सरत आला की परभणीत कुठेही बघा. वसमत रोडच्या कडेला, रिकाम्या प्लॉटमध्ये, रेल्वे रुळांच्या बाजूला पांढरी बारीक फुलं दिसतात. हेच आपलं गाजरगवत, कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं. गाडीवरून कॉलेज गाठेपर्यंत तुमचं नाक गळायला लागतं, डोळे चुरचुरतात आणि पहिल्या लेक्चरलाच शिंका सुरू होतात. शेजारचा विचारतो, सर्दी झाली का? तुम्ही सांगता, नाही रे, ॲलर्जी आहे.

हा शब्द आता आपल्या आजीच्याही तोंडी असतो. पण 1906 आधी तो जगातल्या कुठल्याच भाषेत नव्हता. तो एका माणसानं बनवला, तेव्हा तो जेमतेम 32 वर्षांचा होता. क्लेमेन्स फॉन पिर्के हे त्याचं नाव.

पिर्केचा जन्म 12 मे 1874 चा, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाजवळचा. घराणं सरदारांचं. आधी त्यानं धर्मशास्त्राचा अभ्यास केला, मग तत्त्वज्ञानाचा. तिथंही मन रमेना म्हणून मेडिकलला गेला आणि 1900 मध्ये डॉक्टर झाला. म्हणजे साइड बदलावी का, वर्ष वाया जाईल का, या टेन्शनमध्ये तुम्ही असाल तर हा गडी दोनदा बदलून आला होता हे लक्षात ठेवा.

व्हिएन्नात तो लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये काम करू लागला. त्या काळी घटसर्पानं मुलं पटापट दगावायची. त्यावर नवा उपाय निघाला होता: घोड्याला घटसर्पाचं विष थोडं थोडं टोचायचं, त्याच्या रक्तात उतारा तयार झाला की त्या रक्तातलं सीरम काढून मुलाला द्यायचं. या शोधाला 1901 मध्ये वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं. मुलं वाचत होती. पण काहींना इंजेक्शननंतर आठ-दहा दिवसांनी ताप यायचा, अंगावर गांधी उठायच्या, सांधे सुजायचे. तेच इंजेक्शन काही दिवसांनी पुन्हा दिलं की हा त्रास लगेच, कधी कधी त्याच दिवशी व्हायचा.

पिर्के आणि त्याचा सहकारी बेला शिक यांनी हेच नेमकं पकडलं. औषध तेच, मूलही तेच, मग दुसऱ्या वेळी घाई का? पिर्केचं उत्तर असं होतं की त्रास फक्त बाहेरून आलेल्या पदार्थामुळे होत नाही. पहिल्या भेटीत शरीर त्या पदार्थाला ओळखून ठेवतं आणि दुसऱ्या भेटीत तेच त्याच्यावर तुटून पडतं. म्हणजे अर्धा आजार आपल्याच बचावाचा असतो. तेव्हाच्या समजुतीला हा सरळ धक्का होता. म्हणून 1903 मध्ये त्यानं आपला विचार लिहून पाकीट सीलबंद केलं आणि व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीत जमा केलं. 1905 मध्ये दोघांचं सीरमच्या आजारावरचं पुस्तक आलं. पुढच्या वर्षी त्यानं ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडले. एकाचा अर्थ वेगळं, दुसऱ्याचा अर्थ काम. झाली ॲलर्जी, म्हणजे शरीराचं बदललेलं वागणं.

गंमत म्हणजे त्याच्या लेखी या शब्दात चांगलं-वाईट दोन्ही होतं. लसीमुळे शरीर आजाराशी लढायला शिकतं, हाही त्याच बदलाचा भाग. आज आपण फक्त त्रासाची बाजू घेतली आहे.

1907 मध्ये त्यानं याच विचारावरून क्षयाची चाचणी काढली. हाताची त्वचा किंचित खरवडायची, त्यावर ट्युबरक्युलिनचा थेंब ठेवायचा आणि लाल फोड येतो का ते पाहायचं. बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या कितीतरी मुलांच्या शरीरात क्षयाचे जंतू येऊन गेलेत हे त्यातून कळलं. आज आपल्याकडे होणारी मांटू टेस्ट त्याच वाटेवरची.

मग त्याला अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये प्राध्यापकपद मिळालं. पण 1911 मध्ये तो व्हिएन्नाला परतला. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात पोरं उपाशी होती. अमेरिकेतून मदत आली, पण कुणाला किती द्यायचं? पिर्केनं एक ग्रॅम दुधाचं पोषण हे माप धरलं, मुलाच्या बसलेल्या उंचीवरून त्याची गरज काढली आणि लाखो मुलांच्या जेवणाचं गणित बसवलं. नोबेलसाठी त्याचं नाव अनेकदा सुचवलं गेलं. ते त्याला कधीच मिळालं नाही.

शेवट मात्र चटका लावणारा आहे. 28 फेब्रुवारी 1929 ला, वयाच्या 54 व्या वर्षी, पिर्के आणि त्याच्या पत्नीनं आपलं आयुष्य संपवलं. इतरांची पोरं जगवणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललं होतं, ते बाहेर कुणाला दिसलं नाही. म्हणून मनावर ओझं असेल तर ते लपवू नका. टेलिमानसचा 14416 हा मोफत नंबर त्यासाठीच आहे.

आता पुन्हा आपल्या गाजरगवताकडे येऊ. आपल्याकडे त्याची नोंद झाली ती 1950 च्या दशकात, पुण्यात. त्याच्या परागकणांनी नाक आणि डोळ्यांना त्रास होतो. शरीर परागकणाला शत्रू समजून हिस्टामाइन सोडतं, म्हणून शिंका. त्वचेचा त्रास वेगळा असतो. गवत उपटताना हात लागला की तो लगेच नाही, दोन-तीन दिवसांनी दिसतो. चेहरा, मान, हात अशा उघड्या जागी खाज सुटते, चट्टे येतात. शेतात राबणाऱ्या आपल्या आई-वडिलांना हा त्रास वर्षानुवर्षं असू शकतो आणि उष्णता झाली म्हणून तो सोडून दिला जातो.

उपाय काय? पहिला उपाय पिर्केच्याच तर्काचा: कशानं होतं ते शोधा आणि त्यापासून लांब राहा. फुलं यायच्या आधीच गवत काढा, तेही हातमोजे घालून, अंगभर कपड्यात. गाडीवर मास्क लावा, घरी आल्यावर तोंड-हात धुवा. दुसरा उपाय औषधांचा. शिंकांसाठी अँटिहिस्टामाइनची गोळी चालते, पण काहींनी झोप येते, तेव्हा परीक्षेच्या सकाळी किंवा गाडी चालवण्याआधी जपून. जुन्या त्रासाला नाकातला स्प्रे आणि दमा असेल तर इनहेलर डॉक्टर देतात. ठराविक ॲलर्जीवर तीच गोष्ट थोडी थोडी देऊन शरीराला सवय लावतात, पण हा उपचार काही वर्षं चालतो. मित्रानं सांगितलेलं स्टेरॉइडचं मलम मनानं चोपडू नका, कातडी पातळ होते. आणि कधी ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, चक्कर आली, तर गोळी शोधत बसू नका. थेट दवाखाना गाठा, तिथं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं.

पुढच्या वेळी शिंक आली की शेजारच्याला पिर्केची गोष्ट सांगा. आणि सुट्टीत गावी गेलात की आईच्या हातावरचे ते जुने चट्टे एकदा नीट बघा. तिला त्वचेच्या डॉक्टरकडे न्यायचं काम तुमचंच आहे.