डॉ. रुडॉल्फ फिरखो

खेळताना गुडघा फुटला तर रक्त वाहते आणि थोड्या वेळाने आपोआप थांबते. रक्तातील सूक्ष्म बिंबिका जखमेपाशी गोळा होतात, फायब्रिनचे तंतू जाळे विणतात आणि त्यात रक्तपेशी अडकून गुठळी बनते. ही गुठळी आपली रक्षणकर्ती होय. परंतु तीच रक्तवाहिनीच्या आत नको तेथे जमली, तर प्राणावर बेतते. हे कोडे उलगडणारे थोर जर्मन वैद्य म्हणजे रुडॉल्फ फिरखो.

त्यांचा जन्म १८२१ साली पोमेरेनिया प्रांतातील एका लहान गावी झाला. घरची परिस्थिती बेताची असल्याने बर्लिनच्या लष्करी वैद्यकसंस्थेत सरकारी खर्चाने शिकून त्यांनी १८४३ साली पदवी मिळविली. पुढे शारिते रुग्णालयात ते शवविच्छेदन करू लागले.

त्या काळी फ्रेंच पंडित क्रुव्हेलिए यांचा शब्द प्रमाण मानला जाई. नीलेचा दाह हेच सर्व विकारांचे मूळ, असे त्यांचे मत होते. पंचविशीतील फिरखोंनी मात्र मोठ्या नावापेक्षा डोळ्यांपुढील पुराव्यावर भिस्त ठेवली. फुप्फुसाच्या रोहिणीत सापडणारी गुठळी पुष्कळदा पायाच्या नीलेतून सुटून, हृदयातून वाहत तेथे येते, असे त्यांना दिसले. कुत्र्यांच्या नीलांत रबराचे तुकडे सोडून त्यांनी ते सिद्धही केले. रक्तप्रवाह मंदावणे, वाहिनीचे अस्तर दुखावणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, या तीन कारणांच्या समूहास आज त्यांचेच नाव आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णास लवकर चालावयास लावतात, ते यासाठीच.

१८४८ साली सायलीशियातील साथीची पाहणी करून त्यांनी दारिद्र्य व अज्ञान यांना दोषी ठरविले. त्यांची राजकीय मते सरकारला रुचली नाहीत, तेव्हा बर्लिन सोडून ते वुर्त्सबुर्गला गेले. १८५६ साली परतल्यावर नगरपालिकेत बसून त्यांनी शहराच्या गटारांचा व शुद्ध पाण्याचा प्रश्न तडीस नेण्यास हातभार लावला. जंतूंच्या सिद्धान्ताविषयी ते दीर्घकाळ साशंक राहिले, ही त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे.

१९०२ च्या जानेवारीत ट्राममधून उतरताना पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यातून ते सावरले नाहीत आणि ५ सप्टेंबर रोजी निवर्तले.

विद्यार्थिमित्रांनो, थोरांचा आदर अवश्य करावा. परंतु सत्याची परीक्षा पुराव्यानेच करावी, हाच या चरित्राचा बोध होय.