एडवर्ड थॉर्नडाइक : विद्यार्थिदशेतील एका प्रबंधाची कथा

अध्यापक महाविद्यालयांतून शिक्षण घेतलेल्यांना ‘प्रयत्न-प्रमाद’ ही संज्ञा परिचित असते. चुकत-माकत, पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत प्राणी शिकतो, असे सांगणारी ही उपपत्ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ली थॉर्नडाइक यांनी मांडली. तिचा पाया ज्या प्रबंधात घातला गेला, तो त्यांनी १८९८ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, विद्यार्थी असताना लिहिला होता.

थॉर्नडाइक यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७४ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्यम्सबर्ग येथे झाला. वडील मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. वेस्लियन विद्यापीठात शिकत असताना विल्यम जेम्स यांचा मानसशास्त्रावरील ग्रंथ त्यांच्या वाचनात आला आणि या विषयाची गोडी लागली. १८९५ साली पदवी घेऊन ते हार्वर्ड विद्यापीठात जेम्स यांच्याकडे शिकावयास गेले.

तेथे त्यांनी प्रथम लहान मुलांवर प्रयोग करण्याचे योजिले होते. मात्र विद्यापीठाने त्यास अनुमती दिली नाही. तेव्हा ते कोंबडीच्या पिल्लांकडे वळले. पुस्तके उभी करून त्यांनी चक्रव्यूहासारखे मार्ग तयार केले आणि पिल्ले त्यातून वाट कशी काढतात याची नोंद सुरू केली. राहत्या खोलीत कोंबड्या पाळण्यास घरमालकिणीने हरकत घेतली. विद्यापीठातही जागा मिळेना. अखेर जेम्स यांनी आपल्या घराचे तळघर या तरुण विद्यार्थ्याला उपलब्ध करून दिले.

पुढे कोलंबिया विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाल्याने थॉर्नडाइक न्यूयॉर्कला आले. येताना दोन शिकवलेली पिल्ले त्यांनी बरोबर आणली होती. जेम्स कॅटेल यांच्या मार्गदर्शनाखाली, विद्यापीठाच्या एका इमारतीच्या पोटमाळ्यावर त्यांनी मांजरे, कुत्रे आणि पिल्ले यांच्यावर प्रयोग केले. त्यासाठी लाकडी पट्ट्यांच्या पेट्या त्यांनी स्वतःच बनविल्या. भुकेल्या मांजराला पेटीत ठेवायचे आणि अन्न बाहेर ठेवायचे, अशी रचना होती. दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे. प्रत्येक वेळी मांजराला बाहेर पडण्यास किती वेळ लागला, हे ते लिहून ठेवीत आणि त्यावरून आलेख काढीत.

या आलेखांतून महत्त्वाची गोष्ट पुढे आली. मांजराला युक्ती एकाएकी उमगली असती, तर लागणारा वेळ अचानक घटून तसाच राहिला असता. प्रत्यक्षात तो चढउतार होत हळूहळू कमी होत गेला. ओरखडणे, चावणे, धडपडणे या निरुपयोगी हालचाली गळत गेल्या आणि दार उघडणारी हालचाल तेवढी दृढ झाली. दुसऱ्या मांजराला बाहेर पडताना पाहिल्याने शिकण्यात फरक पडत नाही, असेही त्यांना आढळले. ज्या कृतीनंतर समाधान लाभते ती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, हा विचार त्यांनी पुढे ‘परिणामाचा नियम’ या नावाने मांडला.

या प्रबंधाचे खरे मोल त्याच्या पद्धतीत होते. त्या काळी प्राण्यांच्या बुद्धीविषयीचे लेखन बहुतांशी हकिगतींवर आधारलेले असे. हरवलेला कुत्रा घरी परतला की त्याची कथा होते, परंतु वाट चुकून कायमचे हरवलेल्या असंख्य कुत्र्यांची नोंद कोणीच करीत नाही, हा दोष थॉर्नडाइक यांनी दाखवून दिला. निवडक किश्शांऐवजी समान परिस्थितीत पुन्हा पुन्हा केलेले निरीक्षण आणि मोजमाप हाच वर्तनाच्या अभ्यासाचा आधार असला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

प्रबंधावर टीकाही झाली. कॅनडातील ज्येष्ठ अभ्यासक वेस्ली मिल्स यांनी १८९९ साली असा आक्षेप घेतला की, उपाशी ठेवून अरुंद पेटीत कोंडलेल्या मांजराचे वर्तन स्वाभाविक मानता येणार नाही. थॉर्नडाइक यांनी त्याच वर्षी उत्तर दिले. प्रयोगशाळेतील वर्तनावरून निसर्गातील वर्तनाचा निष्कर्ष कितपत काढावा, हा त्या वादातील प्रश्न आजही विचारला जातो. तथापि, रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह यांनी थॉर्नडाइक यांच्या कार्याचे अग्रस्थान मान्य केले, तर स्किनर यांचे संशोधन त्याच वाटेने पुढे गेले.

१८९९ पासून १९४० मध्ये निवृत्त होईपर्यंत थॉर्नडाइक न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजमध्ये अध्यापन करीत होते. १९१२ साली ते अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले. शिक्षकांसाठी त्यांनी १९२१ मध्ये वारंवार आढळणाऱ्या १०,००० इंग्रजी शब्दांची सूची प्रसिद्ध केली.

स्वतःचेच निष्कर्ष त्यांनी पुन्हा तपासले, हे विशेष होय. बक्षिसाने कृती दृढ होते आणि शिक्षेने ती तितकीच क्षीण होते, असे ते प्रारंभी मानीत. १९३० च्या सुमारास माणसांवर केलेल्या प्रयोगांत शिक्षेचा परिणाम तसा दिसला नाही. केवळ सरावाने शिकणे पक्के होते, हेही टिकले नाही. तेव्हा त्यांनी आपले नियम जाहीरपणे बदलले.

दुर्दैवाने ही कसोटी त्यांनी सर्वत्र लावली नाही. बुद्धिमत्ता मुख्यतः आनुवंशिक असते असे मानून त्यांनी सुप्रजननवादाचा पुरस्कार केला. वंश आणि स्त्रिया यांविषयीची त्यांची मते पूर्वग्रहदूषित होती. ९ ऑगस्ट १९४९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर सात दशकांनी, २०२० साली, टीचर्स कॉलेजने याच मतांमुळे आपल्या इमारतीला दिलेले त्यांचे नाव काढून टाकले.

आज वर्तनावर शोधनिबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला थॉर्नडाइक यांच्या चरित्रातून दोन्ही बोध मिळतात. साधने तुटपुंजी असली तरी प्रश्न नेमका आणि नोंद प्रामाणिक असेल, तर विद्यार्थ्याचे लेखनही शास्त्राला नवी दिशा देऊ शकते. मात्र इतरांच्या समजुतींना लावलेली मोजपट्टी स्वतःच्या समजुतींनाही लावावी लागते. मांजरांच्या आणि शिक्षेच्या बाबतीत थॉर्नडाइक यांनी ती लावली, माणसामाणसांतील भेदाच्या बाबतीत मात्र लावली नाही.