बाकावरची जागा

आजचे वाचन: रोमकरांस पत्र १५:१-७



ख्रिस्ताने आपला स्वीकार केला, तसा आपणही एकमेकांचा स्वीकार करावा, असं पौल रोमच्या मंडळीला सांगतो. असा स्वीकार प्रत्यक्षात कसा दिसतो? आज आपण डी. एल. मूडी यांच्या जीवनातून ते पाहू या.

मूडी म्हटलं की हजारोंच्या सभा आठवतात. पण त्यांची सुरुवात अगदी साधी होती. १८३७ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थफील्ड गावी त्यांचा जन्म झाला. ते चार वर्षांचे असताना वडील वारले आणि विधवा आईच्या पदरी नऊ लेकरं राहिली. शाळा जेमतेम झाली. सतराव्या वर्षी मूडी बोस्टनला मामांच्या बुटांच्या दुकानात कामाला लागले. मामांची अट होती: दर रविवारी चर्चला जायचं.

शहरातलं मोठं चर्च आणि खेड्यातून आलेला मुलगा! शब्बाथ शाळेत योहानाचे शुभवर्तमान उघडायला सांगितलं, तर हा जुन्या करारात शोधत बसला. बाकीची मुलं हसू लागली. शिक्षक एडवर्ड किंबल यांनी मात्र गाजावाजा न करता आपलं उघडलेलं बायबल त्याच्या हातात दिलं. हसणं दोन प्रकारचं असतं. एक माणसाला लहान करतं, दुसरं त्याला जवळ घेतं. त्या वर्गात किंबल यांनी त्या मुलाची लाज झाकली.

एप्रिल १८५५ मध्ये किंबल त्याला भेटायला दुकानात गेले. जाताना त्यांचा पाय अडखळला. कामाच्या वेळी गेलो तर मुलाला अवघडल्यासारखं होईल का, या विचारात ते दुकानाच्या पुढे निघूनही गेले. मग परत फिरले. मूडी मागच्या बाजूला बूट कागदात गुंडाळत होते. किंबल यांनी खांद्यावर हात ठेवला आणि ख्रिस्ताच्या प्रीतीबद्दल दोन शब्द सांगितले. तिथेच त्या तरुणाने आपलं जीवन प्रभूला दिलं.

पण मंडळीच्या सभासदत्वासाठी त्याला थांबावं लागलं. प्रश्नांची उत्तरं नीट देता आली नाहीत, म्हणून जवळजवळ वर्षभर शिकवण घेऊन १८५६ मध्ये तो सभासद झाला. शिकवण हवीच. पण शिकवणीपर्यंत माणूस टिकतो तो कुणीतरी आधी जवळ केलं म्हणून.

त्याच वर्षी मूडी शिकागोला गेले. तिथल्या चर्चमध्ये बाकं भाड्याने मिळत. पैसेवाली कुटुंबं आपापलं बाक घेत. मूडींनीही एक बाक घेतलं आणि रस्त्यावरून, खानावळींतून तरुणांना बोलावून ते भरलं. थोड्याच दिवसांत एकाची चार बाकं झाली. पुढे एका शब्बाथ शाळेत शिकवायची इच्छा सांगितली, तर शिक्षक पुरेसे आहेत, मुलं हवी असतील तर तुम्हीच आणा, असं उत्तर मिळालं. पुढच्या रविवारी ते फाटक्या कपड्यांतली अठरा मुलं घेऊन हजर! अशा मुलांसाठी खिशात साखरेच्या वड्या ठेवून ते गल्लीबोळांतून हिंडत. त्यातूनच मोठी शब्बाथ शाळा उभी राहिली आणि १८६४ मध्ये एक मंडळीही.

अनेक वर्षांनी किंबल यांच्या स्वतःच्या मुलाला ख्रिस्ताकडे आणायला देवाने मूडींनाच वापरलं. १८९९ मध्ये मूडी प्रभूकडे गेले.

प्रियांनो, दारात उभं राहून हसून सलाम करणं चांगलंच आहे. पण नवीन माणूस आत आल्यावर कुठे बसतो? उपासना-संगीतात गीत सापडत नसेल तर त्याच्याकडे कोण पाहतं? येत्या रविवारी दोन इंच सरकू या, आपलं उघडलेलं पुस्तक त्याच्यापुढे धरू या, आणि उपासना सुटल्यावर आपल्याच घोळक्यात जाण्याआधी त्याचं नाव विचारू या.

प्रार्थना: हे प्रभू येशू, आम्ही परके असताना तू आम्हाला जवळ घेतलंस. आमच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर तू ज्याला आणशील, त्याला आनंदाने जवळ करायला आम्हाला शिकव. आमेन.