लोखंडी नांगरवाले लक्ष्मणराव किर्लोस्कर
लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. रंगांधळेपणामुळे चित्रकला सुटली व ते यंत्रांकडे वळले. बेळगावात आधी सायकलचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज! पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली.

१९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तिथे अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्यांनाही रात्रीच्या पहाऱ्याचे काम मिळे. आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या शेतकरी घरांना तर हे नांगराहून मोठे वाटावे. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.